कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. त्यांच्या एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानाचा वेग ताशी सुमारे १६० कि.मी. होता. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते मुंबईत जुहूला उतरले. सव्वासात तास लागले.

दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे ८७५ कि.मी. आहे. त्याला १६० ने भागले तर साडेपाच तास येतात. मग उरलेला वेळ कुठे गेला? आम्ही नकाशावर पट्टी ठेवून पाहिले. टाटा अहमदाबादमार्गे आले होते. कराची-अहमदाबाद सुमारे ६०० आणि अहमदाबाद-जुहू ४४०, असे एकूण १०४० कि.मी. झाले, म्हणजे साडेसहा तास. उरलेला पाऊण तास अहमदाबादच्या थांब्यात गेला असावा. तिथे विमानाचे इंधन बैलगाडीतून आणले होते! अहमदाबाद-जुहू ही रेघ आपल्या वसईवरून जाते. वसईहून जुहू त्या विमानाला जेमतेम दहा मिनिटांवर.

जेट विमानाला कराची-मुंबई अंतर दीड तासाचे. पण एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी दुबईमार्गे जावे तर सुमारे ३१०० कि.मी. पडतात, आणि थांबा धरून टाटांहून अधिक वेळ लागू शकतो. वेग वाढला तरी वेळ घटेलच असे नाही. हे गणित वर्गात जरूर करून पाहावे.