शके, आणे आणि अनुस्वार

ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले. त्या काळी गावोगावच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्यां’मध्ये मान असे तो इंग्रजी पुस्तकांना. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी उलट टोक धरले: मराठीत जे छापले गेले ते जमवायचे. भावे तेव्हा जेमतेम एकविशीत होते. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुने, १८६४ सालचे. म्हणजे या पट्ट्यात दीडशेहून अधिक वर्षे पुस्तके विकत घेतली जात आहेत, वाचली जात आहेत आणि माळ्यावर टाकलीही जात आहेत.

माळे आता रिकामे होत आहेत. नौपाड्यातल्या, डोंबिवली पूर्वेतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की फडक्यात बांधलेले आजोबांचे गाठोडे खाली येते. मग घरात दोनच प्रश्न निघतात: हे किती जुने, आणि याचे किती येतील? पहिल्याचे उत्तर बहुधा पुस्तकातच असते. दुसऱ्याचे तितके सरळ नाही.

सुरुवात मुखपृष्ठामागच्या पहिल्या पानापासून करावी. तिथे ‘शके’ असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. ठाण्याचे संग्रहालय निघाले ते शके १८१५, विजयनाम संवत्सर. कधीकधी पोथीवर नुसते संवत्सराचे नाव असते, आकडा नसतो. इथे फसगत होते, कारण साठ नावांचे चक्र दर साठ वर्षांनी फिरून येते. ‘प्रभवनाम संवत्सरे’ एवढेच लिहिले असेल तर ते १८०७ असेल, १८६७ असेल किंवा १९२७. यातले कोणते, ते कागद आणि छपाई सांगते.

छपाई ओळखायची ती पान उलटून. खिळे जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवले तर अक्षरांचा दाब हाताला लागतो. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेल्या पानाला तसा उठाव नसतो. शिळाछापात मजकूर आधी हाताने लिहिलेला असे, म्हणून ‘क’ दर वेळी थोडा वेगळा दिसतो आणि घरची माणसे अशी पोथी हस्तलिखित समजून बसतात. खऱ्या हस्तलिखितात बोरू दौतीत बुडवला ती जागा दिसते: दोन-चार शब्द गडद, पुढे फिके होत जाणारे, मग पुन्हा गडद. शिळाछापाची शाई पानभर एकसारखी असते.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापील पंचांग काढले ते याच शिळाप्रेसवर. छापलेली पोथी सोवळ्यात चालणार नाही, शाईत चरबी असते, अशी कुरकुर होती. म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला आणि रेखीव देवनागरी खिळ्यांचा जमाना आला. रेल्वे ठाण्याला १८५३ मध्ये आणि कल्याणला १८५४ मध्ये पोचली होती. मुंबईत छापलेले पुस्तक कल्याणच्या वाड्यात यायला आता काही तास पुरत होते.

मधली मोठी खूण म्हणजे १८६७चा छापखाने व पुस्तकनोंदणीचा कायदा. सरकारला छापील मजकुरावर नजर ठेवायची होती. त्यामुळे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव, छपाईचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि त्याचे ठिकाण छापणे सक्तीचे झाले. पाळत ठेवण्यासाठी केलेला हा नियम पुढे संशोधकांच्याच कामी आला. त्यापूर्वीच्या पुस्तकांत असली माहिती असेलच असे नाही. साधारण १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना ग्रंथपाल ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. ती मोजकीच उरली आहेत, आणि दुर्मीळ हा शब्द त्यांना खरोखर लागू पडतो.

विसाव्या शतकातल्या पुस्तकावर साल नसेल तर किंमत पाहावी. रुपये-आणे-पै असेल तर ते १ एप्रिल १९५७ पूर्वीचे धरायला हरकत नाही. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर बहुधा १९५७ ते १९६४ मधले. पत्त्यात नुसते ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ असेल तर पुस्तक बहुतेक १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे. त्या दिवशी सहा आकडी पिनकोड आला आणि गिरगावचे ‘मुंबई ४’ हळूहळू ४०० ००४ झाले.

आणि अनुस्वार! ‘घरांत’, ‘मुलें’, ‘करावें’ असे डोक्यावर टिंब दिलेले शब्द दिसले की पुस्तक जुन्या वळणाचे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले, आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार छापील मराठीतून गेले. अर्थात काही लेखक-प्रकाशकांनी जुने वळण नंतरही सोडले नाही. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या तरच साल धरावे.

कागदाचा रंग मात्र हमखास फसवतो. चिंध्यांपासून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद दोनशे वर्षांनीही घडी सोसतो. गेल्या शतकातला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि पापडासारखा मोडतो. त्यामुळे माळ्यावरच्या गाठोड्यात सर्वांत जर्जर दिसणारे पुस्तक अनेकदा सर्वांत नवे असते.

आता किमतीचा प्रश्न. जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत सर्वांत पक्की आणि सर्वांत चुकीची. शंभर वर्षांपूर्वीचे ‘शिवलीलामृत’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ घराघरांत होती. ती इतकी छापली गेली की आजही मिळते. भाव ठरतो तो प्रती किती उरल्या, आवृत्ती कोणती, आणि घेणारा कोण यावर. ठाण्याचेच उदाहरण घ्यायचे तर भाव्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’. ते एकोणिसावे शतक संपता संपता विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रथम आले, १९१९ मध्ये बरेच वाढवून निघाले, आणि भाव्यांच्या मृत्यूनंतर शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी जोडून पुन्हा छापले गेले. अभ्यासाला पुरवणीची आवृत्ती उपयोगी; संग्राहक शोधतो ती पहिली. नाव एकच, पण दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी ती दोन वेगळी पुस्तके.

कादंबऱ्या-कथासंग्रहांत वेष्टनाला मोल असते. दीनानाथ दलालांचे किंवा रघुवीर मुळगावकरांचे चित्र असलेले वेष्टन शाबूत असेल तर प्रत शोधणारा भेटतो. तेच फाडून वर तपकिरी कागद चढवला असेल तर त्याचा उत्साह ओसरतो. लेखकाची सही, अर्पणाच्या दोन ओळी यांनी भाव वाढतो; कसरीची भोके आणि सुटलेली पाने तो उतरवतात. शिक्काही पाहावा. वाचनालयाचा शिक्का असून त्यावर ‘रद्द’ असे नसेल, तर ते पुस्तक कोणाचे, हे आधी विचारावे.

आवृत्तीचा वाद मिटवायला शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तके त्यांनी नोंदवली. मोठ्या ग्रंथालयात ही सूची मिळते आणि तिथे साल, छापखाना, पृष्ठसंख्या ताडून पाहता येते.

गाठोडे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एवढे जरूर करावे: पहिले आणि शेवटचे पान नीट वाचावे, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, आणि शंका आली तर पुस्तक ठाण्याच्या किंवा कल्याणच्या ग्रंथपालांना दाखवावे. बोरूने लिहिलेली पोथी निघाली तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.