बिल्डिंगची भाषा कोणाच्या मालकीची? बॅकनेट आणि खुल्या कोडची गोष्ट

ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, वाचत असाल तर निवांत वाचा. आजची गोष्ट आहे तुमच्या ऑफिसच्या फॉल्स सीलिंगच्या वर चाललेल्या गप्पांची. सेन्सर म्हणतो, "इथे २७ डिग्री आहे." कंट्रोलर एसीच्या व्हॉल्व्हला सांगतो, "उघड." या गप्पा कुठल्या भाषेत चालतात आणि ती भाषा कोणाच्या मालकीची, यावरून अनेक वर्षं भांडण चाललं होतं. ते भांडण मला फार इंटरेस्टिंग वाटतं.

कुलूप एकाचं, किल्लीही त्याचीच

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि मोठ्या इमारतींच्या मालकांना वीजबिल टोचायला लागलं. मग कॉम्प्युटरवर चालणारे कंट्रोलर आले. ८० च्या दशकात ते बऱ्यापैकी पसरले. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि गुपितसुद्धा! एकदा एका कंपनीचा माल बसवला की पुढची वीस वर्षं स्पेअर पार्ट तिचा, सर्व्हिस तिची, आणि भावही तीच सांगणार. दुसऱ्याचा स्वस्त सेन्सर आणला तर तो मुका.

याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला? ज्यांच्याकडे एक नाही, शेकडो इमारती आहेत त्यांना. म्हणजे विद्यापीठं, सरकारी खाती. म्हणून १९८७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात अॅश्रे या एसी-हीटिंग इंजिनिअरांच्या संस्थेची एक समिती बसली, तेव्हा तिचे अध्यक्ष होते कॉर्नेल विद्यापीठाचे एच. मायकेल न्यूमन. माल विकणारा नाही, माल विकत घेणारा माणूस! मला विचाराल तर या गोष्टीची खरी कळ इथेच आहे.

समितीत कंपन्याही होत्या, त्यामुळे वाद झाले आणि वेळ गेला. बॅकनेट हे स्टँडर्ड बाहेर पडलं ते १९९५ मध्ये. आठ वर्षं! २००३ मध्ये ते आयएसओ स्टँडर्डही झालं.

सोळा पायऱ्यांचा मान

बॅकनेटची आयडिया सोपी आहे. प्रत्येक सेन्सर, पंखा, व्हॉल्व्ह म्हणजे एक "ऑब्जेक्ट". त्याला नाव, आत्ताची किंमत, एकक अशा "प्रॉपर्टीज". नेटवर्कवर कोणी हाक मारतं, "कोण आहे?" आणि उपकरणं उत्तर देतात, "मी आहे." स्टँडर्डमध्ये या मेसेजची नावं खरंच "हू-इज" आणि "आय-अॅम" अशीच आहेत.

पण एकाच पंख्याला तिघांनी तीन हुकूम दिले तर? त्यासाठी १६ पायऱ्या आहेत. १ नंबरचा मान सगळ्यात मोठा, तो जीव वाचवण्याच्या हुकमाचा, आग वगैरे. ८ नंबर माणसाने हाताने दिलेल्या हुकमाचा. रोजचं टाइमटेबल त्याच्याही खाली. म्हणून काय होतं, की एखादा ऑपरेटर ८ वर "चालू" लिहितो, परत सोडायला विसरतो आणि घरी जातो. मग टाइमटेबल रात्रभर "बंद, बंद" ओरडत बसतं आणि एसी मजेत चालू राहतो.

कागदावरून कोडवर

आता गंमत बघा. स्टँडर्ड सगळ्यांसाठी होतं, पण ते पुस्तक विकत घ्यावं लागतं. शिवाय ते आहे जाडजूड. वाचून कोड लिहायचा म्हणजे महिनोन्‌महिने काम. दोन कंपन्यांनी एकच वाक्य दोन प्रकारे वाचलं, की उपकरणं पुन्हा मुकी.

इथे खुल्या कोडची एन्ट्री होते. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने चाचणीसाठी व्हीटीएस नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, आणि पुढे त्याचा सोर्स सगळ्यांना मिळाला. वायरशार्क या खुल्या टूलला बॅकनेटचे मेसेज उलगडता येऊ लागले, त्यामुळे कोण चुकतंय हे दोन्ही बाजूंना एकाच स्क्रीनवर दिसायला लागलं. २००० नंतरच्या दशकात स्टीव्ह कार्ग यांनी सी भाषेत बॅकनेट स्टॅक सुरू केला. छोट्या मायक्रोकंट्रोलरपासून लिनक्सपर्यंत चालणारा.

यात लायसन्सची खुबी समजून घ्या. साधं जीपीएल असतं तर कंट्रोलर विकणाऱ्या कंपनीला त्यात जोडलेला स्वतःचा कोडही खुला करावा लागला असता. त्या भीतीने कोणी हात लावला नसता. म्हणून त्यात एक सूट ठेवली: तुमचा कोड तुमच्याकडे ठेवा, पण या फायलींमध्ये सुधारणा करून माल विकलात तर त्या सुधारणा द्या. म्हणजे धंद्यात एकमेकांचे स्पर्धक, पण हू-इजचा बग सापडला तर दुरुस्ती सगळ्यांची.

पायथॉनवाल्यांसाठी कॉर्नेलच्याच जोएल बेंडर यांनी बॅकपाइप्स लिहिलं. त्यावर उभी असलेली एक लायब्ररी आहे, तिचं नाव बॅक-झिरो. हे नाव का? बॅकनेटचा पोर्ट नंबर आहे ४७८०८. तो हेक्समध्ये लिहा: बी, ए, सी, शून्य!

अजून काय बाकी आहे

मूळ बॅकनेटमध्ये विश्वास गृहीत धरला होता. नेटवर्कवर जो आला तो आपला. इंटरनेटच्या जमान्यात हे महागात पडू शकतं, कारण बाहेरच्या कोणीही "पंखा बंद" लिहिलं तर उपकरण ऐकणार. म्हणून २०२० च्या आवृत्तीत बॅकनेट सिक्युअर कनेक्ट आलं. बँकेची वेबसाइट जसं टीएलएस वापरते, तसंच इथे. पण छतात बसलेली जुनी उपकरणं एका रात्रीत बदलत नाहीत, आणि खुल्या लायब्रऱ्यांची देखभाल मोजकीच माणसं करतात, तीही बरेचदा नोकरी सांभाळून.

मला यात काय महत्त्वाचं वाटतं? इमारत पन्नास वर्षं उभी राहते. कंट्रोलर बनवणारी कंपनी तेवढी टिकेलच असं नाही. कंपनी बंद पडली, विकली गेली, तरी त्या इमारतीशी बोलता आलं पाहिजे. भाषा खुली आणि कोडही खुला असेल, तर पुण्यातली एखादी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनीसुद्धा लॅपटॉपवर नकली कंट्रोलर उभा करून, "कोण आहे?" असं विचारून शिकू शकते. परवाना नको, महागडं किट नको.

करून बघा, आणि काय उत्तर आलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!