नसलेल्या बेटांचे नकाशे

कामगारांच्या सभांतून बोलताना विषय मला शोधावा लागत नाही. पगार, बोनस, बडतर्फी हे ठरलेलेच असतात. म्हणून या व्याख्यानमालेसाठी मी काल्पनिक प्रदेशांच्या नकाशांचा विषय सांगितला, तेव्हा चालक मंडळी थोडी चमकलीच. माझी शाळा सातवीत सुटली. भूगोल शिकलो तो युनियनच्या कचेरीतील भिंतीवरच्या नकाशावर. या विषयाकडे मला नेले आमच्या एका सभासदाच्या मुलाने. तो संगणकावर नसलेल्या देशांचे नकाशे काढतो, परदेशी खेळांसाठी आणि कादंबऱ्यांसाठी, आणि त्याला मजुरी मिळते ती नगावर. नगावरची मजुरी म्हटली की माझे कान टवकारतात.

हा धंदा मात्र जुना आहे. टॉमस मोर या इंग्रज मुत्सद्द्याचे ‘युटोपिया’ १५१६ साली लुवेन येथे छापले गेले, तेव्हाच त्यात त्या बेटाचा लाकडी ठशाचा नकाशा होता. त्या बेटावर कामाचा दिवस सहा तासांचा! (आम्ही आठ तासांसाठी किती झगडलो, ते येथे सांगत बसत नाही.) पण तो पहिला ठसा कोणी कोरला, त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. १५१८ च्या बाझेल आवृत्तीतील नव्या नकाशाशी आंब्रोझियस होल्बाइन याचे नाव जोडले जाते, एवढेच.

या इतिहासातील माझे आवडते प्रकरण स्टीव्हन्सनचे. १८८१ साली तो स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी राहत होता. सावत्र मुलगा चित्रे रंगवीत बसे. स्टीव्हन्सनही त्याच्याबरोबर बसू लागला आणि एके दिवशी त्याने एका बेटाचा नकाशा रंगविला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे, नकाशा पाहता पाहता त्यातील झाडीतून माणसे डोकावू लागली आणि ‘ट्रेझर आयलंड’ जन्मास आले. म्हणजे आधी नकाशा, मग गोष्ट. पुढे पुस्तक छापण्याची वेळ आली. हस्तलिखित आणि नकाशा दोन्ही रवाना झाले. मुद्रिते तपासायला आली, परंतु नकाशाचा पत्ता नाही. विचारले तर उत्तर आले की, तो पोहोचलाच नाही. आता उलटे काम करणे आले. आपल्याच पुस्तकातील प्रत्येक टेकडी, प्रत्येक अंतर वेचून काढायचे आणि हाती कंपास घेऊन त्या हिशेबाबरहुकूम नकाशा जुळवायचा. ते त्याने केले. त्याचे वडील टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहांचे इंजिनियर. त्यांच्या कचेरीत तो नकाशा नव्याने काढला गेला, देवमासे आणि शिडाची जहाजे घालून सजविला गेला, आणि कप्तान फ्लिंटची बनावट सही खुद्द वडिलांनी ठोकली! १८८३ च्या पुस्तकात हाच नकाशा आला. स्टीव्हन्सनला मात्र तो कधी आपल्या बेटाचा वाटला नाही.

वडिलांच्या त्या सहीचे कौतुक मीही करतो. परंतु कचेरीत देवमासे कोणी काढले, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे खंड १९५४ आणि १९५५ साली निघाले. त्यांतील नकाशे छपाईसाठी त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने काढले. तेथे काम घरातच राहिले. पुढे १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि आपापले देश रेखाटणारे हौशी लोक वाढले.

संगणकाने यात काय केले? नोल बंधूंनी तयार केलेले फोटोशॉप १९९० साली बाजारात आले; १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थर आले. एका थरावर जुना पिवळट कागद, दुसऱ्यावर किनारा, तिसऱ्यावर डोंगर, चौथ्यावर गावांची नावे. डोंगर पुसला तरी नदीला धक्का लागत नाही. किनारा काढण्याची आमच्या मुलाची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. तो प्रथम ढगांसारखा करडा डाग उमटवितो, मग एक पातळी ठरवितो. तिच्यापेक्षा उजळ ती जमीन, काळसर ते पाणी. क्षणात खाड्या, भूशिरे, बेटे तयार. असा नैसर्गिक भासणारा खडबडीतपणा गणिताने निर्माण करण्याची एक प्रसिद्ध रीत केन पर्लिन याने १९८३ च्या सुमारास शोधली. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटाचे काम करताना यंत्राची चित्रे त्याला फार गुळगुळीत वाटली होती. या शोधाबद्दल त्याला १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

तेव्हा यंत्र किनारा देते. परंतु नदी डोंगरातून निघून समुद्राला मिळते, वाटेत विनाकारण दुभंगत नाही, आणि गाव पाण्याच्या सोयीने वसते, हे माणसाला पाहावे लागते. मुलाचे अर्धे तास यातच जातात. दुरुस्ती सोपी झाली म्हणून गिऱ्हाईक दहा वेळा दुरुस्ती सांगते, आणि मजुरी तीच. आता तर चार शब्द लिहिले की आख्खे चित्र उभी करणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे नाव घेऊन त्याला दर कमी करायला सांगितले जाते. संगनमताने दर ठरवा म्हणावे, तर त्याचे सहकारी तीन खंडांत विखुरलेले.

मी त्याला विचारले, “बाबा रे, नकाशावर तुझे नाव कोठे आहे?” तो म्हणाला, “काका, नावाचा वेगळा थर असतो. छापण्यापूर्वी ते तो बंद करतात.”

मी त्याला देवमाशांची गोष्ट सांगितली. हल्ली तो आपले नाव समुद्राच्या लाटांतच काढतो, त्याच थरावर. बंद केले तर समुद्रही जातो.