किनाऱ्यापलीकडचे वादळ: चक्रीवादळांचा मागोवा आणि जालना जिल्हा

समुद्रावर उठणाऱ्या वादळांच्या इतिहासात जालना जिल्ह्याला स्थान असावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. पश्चिमेचा समुद्र येथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. पूर्वेचा तर सहाशेहून अधिक. ह्या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अवर्षणाचा विचार वारंवार केला; वादळाचा विचार मात्र त्यांनी कोकणावर आणि आंध्र-ओरिसाच्या किनाऱ्यावर सोडून दिला. परंतु वादळाची वाट किनाऱ्यावर संपत नाही. ती संपते असे मानण्याची सवय कोठून आली आणि तिचे परिणाम अंतर्भागातील जिल्ह्याला कसे भोगावे लागतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वादळाचा माग काढण्याच्या शास्त्राचा हिंदुस्थानातील उगम कलकत्त्यास झाला. तेथील हेन्री पिडिंग्टन ह्याने बंगालच्या उपसागरातील वादळांत सापडलेल्या जहाजांच्या दैनंदिनी जमवल्या आणि त्यांतील वाऱ्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. वारा एका केंद्राभोवती फिरतो, आणि ते केंद्रही स्वतः पुढे सरकते, ही गोष्ट अशा तुलनेतून स्पष्ट होई. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने ह्या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने ते घडवले. त्या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘कुक्लोस’ आणि संस्कृत ‘चक्र’ हे एकाच इंडो-युरोपीय धातुरूपाचे वंशज होत. त्यामुळे मराठीतील ‘चक्रीवादळ’ हा शब्द अर्थाच्या दृष्टीने जितका यथार्थ, तितकाच कुळाच्याही दृष्टीने यथार्थ ठरतो.

पिडिंग्टनचा वाचक खलाशी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. खलाशाला जाणून घ्यायचे असते ते वाऱ्याचे: केंद्र कोणत्या दिशेस आहे आणि जहाज कोणीकडे वळवले असता ते टळेल. पाऊस ही त्याच्या दृष्टीने दुय्यम बाब. पुढे ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भयंकर वादळ येऊन हजारो माणसे मेली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या पूर्वसूचनेची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली हिंदुस्थान सरकारचे हवामानखाते स्थापन झाले. आणि १८८६ पर्यंत बंदरांना इशारे देण्याची पद्धत देशभर लागू झाली. तारायंत्राने वेधशाळांचे वायुभाराचे आकडे एकत्र येत, आणि त्यावरून बंदरात खुणा चढवल्या जात. जो खलाशाचा प्रश्न होता तोच आता बंदराधिकाऱ्याचा झाला. दोघांच्याही दृष्टीने वादळ किनारा ओलांडून जमिनीवर शिरले की काम संपले.

ही दृष्टी शास्त्राच्या परिभाषेत कायमची रुजली. भारतीय हवामानखात्याच्या वर्गीकरणात आवर्ताची प्रत ठरते ती वाऱ्याच्या वेगावरून. ताशी ३१ ते ५० किलोमीटर वेग असल्यास अवदाब, ५१ ते ६२ असल्यास तीव्र अवदाब, आणि ६३ च्या पुढे चक्रीवादळ. नावही ह्याच मर्यादेवर मिळते. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना २००४ पासून नावे देण्यात येऊ लागली, आणि २०२० मध्ये तेरा देशांनी सुचवलेल्या १६९ नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली. वाऱ्याचा वेग मर्यादेवर चढला की नामकरण होते. तो उतरला की वर्गीकरणाच्या दृष्टीने ते चक्रीवादळ राहत नाही. पाऊस किती पडला, ह्याचा त्या नावाशी संबंध नाही.

मराठी वृत्तपत्रांची भाषाही हीच रीत पाळते. वादळ किनाऱ्यावर ‘धडकते’ आणि मग ‘शमते’, ‘विरते’ किंवा ‘क्षीण होते’. धडक हा क्षणाचा व्यापार आहे. त्यानंतर उरतो तो केवळ नाश मोजण्याचा भाग. वस्तुतः किनारा ओलांडताच वादळाचा उबदार समुद्राकडून होणारा बाष्पाचा पुरवठा तुटतो आणि भूपृष्ठाशी होणाऱ्या घर्षणाने वारा मंदावतो. पण आवर्तात साठलेले बाष्प तात्काळ नाहीसे होत नाही. पावसाळ्यात भिजलेली जमीन आणि अरबी समुद्राकडून येणारे वारे त्यात भर घालतात. शिवाय पश्चिमेकडे सरकणाऱ्या अवदाबाचा सर्वांत मोठा पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य भागात पडतो. तेलंगण-विदर्भातून केंद्र सरकत असता मराठवाडा नेमका त्या भागात येतो.

ह्याचा ऐतिहासिक पुरावा हवामानखात्याच्याच दप्तरात आहे. १८७७ ते १९६० ह्या काळातील वादळे व अवदाब ह्यांच्या मार्गांचा नकाशासंग्रह खात्याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. बंगालच्या उपसागरातून निघालेल्या मार्गांच्या रेषा किनाऱ्यावर थांबत नाहीत, त्यांतील कित्येक द्वीपकल्पाच्या पोटात खोलवर शिरतात, हे त्यावरून सहज दिसते. जालना त्या काळात बहुतांश हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानाने अशा मार्गाचा अर्थ फार मोठी किंमत देऊन जाणला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहरात सुमारे पंधरा हजार माणसे मेली. त्या पावसामागे उपसागरातून आलेले आवर्त होते. राजधानी समुद्रापासून दूर असल्यामुळे तिला वादळाचे भय नाही, हा समज त्या दिवशी वाहून गेला. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पुढे जी पूरनियंत्रणाची योजना आकारास आली, तीतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. मराठवाड्याच्या जिल्ह्यांना मात्र त्या धड्याचा विशेष लाभ झाला नाही.

पुढील शतकात माग काढण्याची साधने बदलली. १ एप्रिल १९६० रोजी पहिला हवामान-उपग्रह अवकाशात गेला. वादळाच्या मेघरचनेवरून त्याची तीव्रता अजमावण्याची पद्धत १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक ह्यांनी सिद्ध केली. १९७० मध्येच विशाखापट्टणम येथे वादळशोधक रडार बसले. जहाजांच्या दैनंदिनीवरून वादळाचा मार्ग मागाहून कळत असे, तो आता वादळ चालत असतानाच तासातासाला दिसू लागला. परंतु दृष्टी अधिक काळ किनाऱ्यावरच खिळलेली राहिली.

सप्टेंबर २०२१ मधील ‘गुलाब’ वादळ हे ह्याचे बोलके उदाहरण होय. पाकिस्तानने सुचवलेले हे नाव २५ सप्टेंबरच्या सायंकाळी वापरात आले. २६ सप्टेंबरच्या रात्री, साडेसात ते साडेआठच्या सुमारास, आंध्रच्या उत्तर भागात कलिंगपट्टणमच्या उत्तरेस त्याने किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग तेव्हा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. २७ रोजी ते तीव्र अवदाब आणि पुढे अवदाब झाले. म्हणजे चक्रीवादळाचा दर्जा गेला. २८ रोजी त्याचे अवशेष मराठवाडा-विदर्भाच्या पट्ट्यात होते, आणि मराठवाड्यात मुसळधार पाऊस कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. जायकवाडीतूनही पाणी सोडण्यात आले. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी ह्याच धरणाच्या खालच्या अंगास आहे. सोयाबीन काढणीस आलेले आणि कापूस फुटू लागलेला, असे ते दिवस. हे अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बलवान झाले आणि १ ऑक्टोबरला ‘शाहीन’ हे कतारने सुचवलेले नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर गेले. एकाच वाटचालीला पूर्व समुद्रात एक नाव, पश्चिम समुद्रात दुसरे. मधल्या भूमीवर मात्र ती निनावी. जालना त्या निनावी टप्प्यात होते.

निनावी म्हणजे भाषेबाहेर, असे नव्हे. जिल्ह्यातील शेतकऱ्याजवळ ह्या पावसासाठी दुसरे शब्द होते. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो, आणि त्या पावसास गावोगाव ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यास तो हवाच असतो. महसुली दप्तरात तोच पाऊस ‘अतिवृष्टी’ होतो: महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक. षड्-ईतींपैकी एक असलेली प्राचीन ‘अतिवृष्टि’ अशा रीतीने तलाठ्याच्या पंचनाम्याची संज्ञा झाली आहे. पहिला शब्द ऋतू सांगतो, दुसरा माप सांगतो. हा पाऊस दोन दिवसांपूर्वी आठशे किलोमीटरांवरून निघाला आणि त्याची वाट दिसत होती, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. नुकसान झाल्यावरचा शब्द आहे. नुकसान होण्यापूर्वीचा नाही. पिकांच्या हानीसाठी राज्य शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दहा हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या आकड्यावरून ह्या उणिवेची किंमत थोडीफार कळते, जरी ती हानी एकट्या गुलाबाची नव्हती.

मराठीतील जुने शब्द ह्या बाबतीत अधिक जाणते होते. ‘तुफान’ हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ महापूर, आणि नोहाच्या प्रलयाला तोच शब्द आहे. ‘वादळ’ हा संस्कृत ‘वार्दल’ ह्या शब्दाशी जोडला जातो. हिंदी ‘बादल’ त्याच कुळातला, आणि त्या मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ पावसाळी, ढगाळ दिवस असा आहे. दोन्ही शब्दांत आरंभी पाणी होते. त्यांतील पाणी आटून वाराच तेवढा उरला, आणि खलाशाच्या शास्त्रातून आलेली नवी परिभाषा त्याच अर्थसंकोचाला पोषक ठरली.

हवामानखात्याने स्वतः ही मर्यादा ओळखली आहे. १९९९ पासून रूढ असलेल्या चार टप्प्यांच्या इशारापद्धतीत चौथा टप्पा किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीचा आहे. वादळ जमिनीवर येण्यापूर्वी किमान बारा तास आधी, ते पुढे कोणत्या दिशेने जाईल आणि अंतर्भागात काय घडेल, ह्याची सूचना त्यात दिली जाते. म्हणजे ज्ञान आहे. त्याला भोकरदन, परतूर किंवा घनसावंगीच्या शेतकऱ्यापर्यंत नेणारा शब्द अद्याप रुळलेला नाही. ‘अवदाब’ ऐकून कोणी कापलेले सोयाबीन झाकत नाही. किनाऱ्यावरील वादळ आणि हस्ताचा पाऊस ही एकाच वाटेची दोन टोके आहेत, हे ज्या दिवशी इशाऱ्याच्या मराठीत सहज सांगता येईल, त्या दिवशी पिडिंग्टनने आरंभलेला मागोवा समुद्रावरून खऱ्या अर्थाने जमिनीवर आला, असे म्हणता येईल.