दिंडीतील अधिकार आणि तक्रारीचा टाळ

भिलाईला ग्रामदैवत नव्हते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ज्या खेड्यांच्या जमिनीवर ती नगरी उभी राहिली त्यांची दैवते तेथे होतीच. परंतु 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तिच्या भोवती जी वस्ती वसली ती कोणत्याही एका देवाच्या वतनदारांची नव्हती. ओडिया आले, बंगाली आले, तेलुगू आणि मल्याळी आले, पंजाबी आले, मराठीही आले. मराठी माणसाला हा मुलूख सर्वस्वी परका नव्हता. 1741 मध्ये भास्करपंतांनी रतनपुरावर केलेली स्वारी, 1758 ते 1787 हा बिंबाजी भोसल्यांचा काळ, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत चाललेला भोसल्यांचा अंमल, या सर्वांच्या खुणा छत्तीसगढात आजही सापडतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत तर दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नागपूरहून गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी रेल्वेने एका दिवसात येण्याजोगी वाट होती.

अशा गावी भजनासाठी दहा माणसे एकत्र बसली की पहिला प्रश्न भक्तीचा नसतो. वीणा कोणी घ्यायची, मृदंगावर कोण, अभंग कोणी सांगायचा, प्रसादाचा खर्च कोणी मांडायचा, आणि दोघांचे पटले नाही तर निवाडा कोणाकडे, हे प्रश्न आधी येतात. मूळ गावी त्यांची उत्तरे तयार असतात. कोणाच्या तरी आजोबांनी ती देऊन ठेवलेली असतात. नव्या वसाहतीत ती नव्याने शोधावी लागतात. ती शोधताना मराठी माणसाच्या स्मरणात जो नमुना असतो तो बहुधा वारकऱ्यांच्या दिंडीचा. त्या नमुन्याचा इतिहास तपासण्याजोगा आहे, कारण त्याविषयी दोन टोकांची मते आपल्याकडे रूढ आहेत. एक मत म्हणते, वारीत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. दुसरे म्हणते, समतेची ती केवळ भाषा आहे. मान आणि क्रम हाच खरा व्यवहार. दिंडीची प्रत्यक्ष घडण पाहिली तर ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी 1685 च्या सुमारास देहूहून पालखी नेण्याचा प्रघात सुरू केला. तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत आणि तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पंढरीची वाट धरीत. सुमारे दीडशे वर्षे हा एकच सोहळा होता. पुढे देहूकर घराण्यात पालखीच्या सेवेचा आणि उत्पन्नाचा वाद उत्पन्न झाला. वंशपरंपरेने आलेल्या अधिकाराचे हे जुने दुखणे आहे: पूर्वजाची भक्ती वाटली जात नाही, तिच्यामागून आलेला मान मात्र वाटून घ्यावा लागतो. या वादाच्या काळातच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्रपणे काढली.

हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी सरदार. परतीच्या वाटेवर सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडविले, हरिपाठाच्या आवर्तनांनी त्यांची सुटका झाली आणि मग ते आळंदीस येऊन राहिले, अशी कथा संप्रदायात सांगतात. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. हा मनुष्य लष्करातून आला होता. तळ कसा पडतो, कूच कसे होते, तुकड्यांचा क्रम का लागतो, हे त्याला पोथीतून शिकावे लागले नव्हते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. वासकर, खंडुजीबाबा, शेडगे अशा मंडळींनी दिंड्या आणल्या. म्हणजे प्रारंभापासूनच सोहळ्याचे अंग एकाच हाती नव्हते. पालखीची मालकी एकाकडे, अश्व दुसऱ्याकडे, भजनाचे बळ तिसऱ्याकडे. पुढे आळंदीच्या देवस्थानासाठी पंच नेमले गेले तेव्हा त्यात आणखी एका हाताची भर पडली. यांपैकी कोणालाही एकट्याने पालखी पंढरीस नेता येत नाही. आणि अडवून धरणेही कोणा एकट्याला सोपे नाही.

आता एकेक दिंडी पाहू. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंगी, आणि वीणेकरी. त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याची कळशी घेतलेल्या स्त्रिया. दिंडीचा प्रमुख असतो, तिचा स्वतःचा चोपदार असतो, वर्गणीचा हिशेब ठेवणारा असतो, राहुट्या आणि स्वयंपाक सांभाळणारे पुढच्या मुक्कामी आधीच गेलेले असतात. भजन चालू असताना मात्र हिशेब ठेवणाऱ्याला, फार काय प्रमुखालाही, विशेष स्थान राहत नाही. अभंग कोणता आणि तो कोठवर, हे वीणा ज्याच्या गळ्यात आहे तो ठरवितो. वीणा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घातली, दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावला, की अधिकार पलीकडे गेला. अधिकार व्यक्तीला चिकटलेला नसून वस्तूला चिकटलेला आहे, आणि वस्तू हस्तांतरित होऊ शकते. ही कल्पना दिसते तितकी साधी नाही. राजदंडही वस्तूच होता. पण तो दर दोन तासांनी दुसऱ्याच्या हाती देण्याची प्रथा कोणत्या दरबारात होती?

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात तर ही कल्पना अगदी उघडी पडते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. त्यासाठी पहाऱ्यांची यादी होते आणि मध्यरात्रीच्या पहाऱ्यासाठी कोण उभा राहतो यावरून गावात माणसाची पारख होते. काकडा, पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, जागर यांच्या वेळा ठरतात. पारायणाला व्यासपीठचालक असतो. पंगत कोणाची हे आधी बोलले जाते. ही सारी वाटणी देवळाच्या मंडपात बसून होते आणि ती करताना होणारी धुसफूस ज्यांनी पाहिली आहे ते तिला आदर्श लोकशाही म्हणणार नाहीत. तरीही यादी लागते आणि वीणा खाली येत नाही. (झोतभट्टीही एकदा पेटविली की वर्षानुवर्षे विझू द्यायची नसते, आणि तिच्यासाठीही पाळ्यांची यादीच लागते. भिलाईत पोटासाठी आलेल्या वारकऱ्याला हे साम्य कोणी समजावून सांगावे लागले नसेल.)

सोहळ्यातील सर्वांत विचारपूर्वक घडविलेली संस्था मात्र निराळीच आहे, आणि ती पाहायला सायंकाळी तळावर जावे लागते. सासवड, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा मुक्कामांवर पालखी विसावली की समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती रिंगण धरून उभ्या राहतात. शेकडो टाळांचा गजर चाललेला असतो. मग पालखीचे चोपदार चोप उंच करतात, आणि तो प्रचंड ध्वनी क्षणार्धात थांबतो. नवख्या माणसाला त्या शांततेचेच नवल वाटते. तिचा उपयोग काय हे त्याच्या लक्षात नंतर येते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीतच नाही. सारा समाज निःशब्द असताना एका कोपऱ्यातून टाळ वाजत राहतो. चोपदारांना तिकडे जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते. कोणाला जागा मिळाली नाही, कोणाचा क्रम मोडला, कोणाला पाणी पुरले नाही, अशीच ती गाऱ्हाणी असतात. समाधान झाले, निदान ऐकून घेतले गेले, की तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

या पद्धतीत तीन गोष्टी एकवटल्या आहेत. तक्रार करणाऱ्याला ओरडावे लागत नाही. भजनाचेच साधन त्याच्या हाती असते. तक्रार दडवता येत नाही, कारण ती सर्वांच्या कानी पडते. आणि ती ऐकल्यावाचून आरती होत नाही, म्हणजे देवालाही थांबावे लागते. विरोधाला उपासनेच्या क्रमातच जागा देणारी अशी योजना आपल्या इतर धर्मसंस्थांत मला आढळलेली नाही. मठात शिष्याने गुरूपुढे मौन धरावे ही अपेक्षा. येथे मौन न धरणे हाच तक्रारीचा संकेत.

तुलनेसाठी रामदासी मठांची रचना पाहावी. तेथे समर्थांनी महंत नेमले, त्यांना स्थळे नेमून दिली. निर्णय वरून खाली आला. या संप्रदायाचा दासबोध ग्रंथ छत्तीसगढशी जोडलेल्या एका मराठी माणसाने, 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी, हिंदीत नेला. नवल असे की, याच वरून खाली येणाऱ्या रचनेत मिरजेच्या मठावर वेण्णाबाईंची नेमणूक होऊ शकली आणि अक्काबाईंनी समर्थांच्या पश्चात मठाचा कारभार वाहिला. उलट सर्वांनी मिळून चालणाऱ्या दिंडीत स्त्रीच्या डोक्यावर तुळस आली, गळ्यात वीणा फार क्वचित. एका व्यक्तीचा निर्णय रूढी ओलांडून जाऊ शकतो. समुदायाचा निर्णय पुष्कळदा रूढीच्याच मापाचा असतो. सामूहिक निर्णयाचे गुणगान करताना आपण हे विसरतो.

रूढीचे माप जेवणाच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसे. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘परिपूर्ती’ (1949) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी आपले शल्य नोंदविले: दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे मुक्कामी जातीनुसार वेगळी होऊन जेवत. रस्त्यावरचा नियम आणि चुलीपाशीचा नियम निराळा होता. समाजआरतीत जागेची तक्रार करता येत होती. पंगतीतून वगळल्याची तक्रार कोणत्या टाळाने करायची? तो प्रश्न त्या व्यवस्थेच्या बाहेर होता, म्हणून त्यासाठी बाहेरचा माणूस लागला. साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले आणि दहा दिवसांनी विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले. मंदिरातील बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा प्रश्न तर 1973 च्या कायद्यानंतरही न्यायालयांत रेंगाळला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून, स्त्रियांतूनही, अर्ज मागविले. वारकऱ्यांच्या रिंगणात जे ठरले नाही ते विधिमंडळात आणि न्यायालयात ठरले, हे नमूद केलेच पाहिजे.

दिंड्यांचा क्रमही असाच दुहेरी आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. क्रमांक असल्यामुळे लाखोंच्या गर्दीत चेंगराचेंगरी होत नाही, हे खरे. परंतु जी दिंडी नंतर आली ती कितीही निष्ठावंत असली तरी मागेच चालते. हैबतबाबांच्या काळी जे सोयीचे होते ते कालांतराने मानाचे झाले. मानाचे झाल्यावर ते बदलण्यास सर्वांची संमती हवी, आणि सर्वांची संमती म्हणजे पुढे असलेल्यांचीही.

छत्तीसगढातच याहून निराळे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून रामनामी समाजाचा उगम सांगतात. मंदिरात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी रामनाम अंगावर गोंदून घेतले आणि पुरोहिताची गरजच काढून टाकली. त्यांचा भजनमेळा पौषात तीन दिवस भरतो. एका वर्षी महानदीच्या एका तीरावर, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. यजमानपणाचा मान कोणत्याही एका काठाकडे साचू नये याची ती सोय आहे. पालखीच्या क्रमांकांत जो मान गोठला तो येथे नदीच्या आरपार फिरत राहिला. अर्थात रामनामींचा समाज लहान, एकाच सामाजिक थरातून आलेला. लाखोंची गर्दी आणि डझनभर मानकरी सांभाळण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

पोलादनगरीतील भजनीमंडळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. तेथे रथापुढचा क्रमांक घेऊन कोणी येत नाही. आरफळ, अंकली, देहू येथील कोणाचा मान तेथे चालत नाही. जातीचे नाव मात्र सामानाबरोबर येऊ शकते, आणि कारखान्यातील हुद्द्याचेही. अधिकाऱ्याने टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहावे की नाही, हा प्रश्न हैबतबाबांना पडला नव्हता. वीणा कोणी घ्यायची हे ठरविताना तेथे घराणे विचारून भागत नाही. त्या आठवड्यात रात्रपाळी कोणाची आहे, हे आधी विचारावे लागते.