शहाद्याची मडकी आणि क्योल्नचं घर

क्योल्न म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना डोम आणि कार्निव्हल आठवतो. मला मात्र शहादा आठवतं. कुठे शहादा आणि कुठे क्योल्न, असं तुम्ही म्हणाल! म्हणून थोडा इतिहास सांगते.

शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. तापीकाठची सुपीक जमीन आणि तिच्यावर राबणारे भिल्ल आदिवासी. कर्जापायी अनेकांच्या जमिनी गेल्या आणि मालक होते ते सालदार झाले. अंबरसिंग सुरतवंतींनी लोकांना जागं केलं, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या होत्या जमिनीच्या आणि मजुरीच्या.

पण बायका सभांना येऊन बोलू लागल्या, तसा वेगळाच प्रश्न पुढे आला. मजुरी वाढली तरी पैसा गुत्त्यावर जाणार, नवरा पिऊन येणार आणि मारणार. मग घरात काय उरलं? १९७३ च्या सुमारास बायकांनीच गावोगावचे अड्डे गाठले, दारूची मडकी फोडली. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभं करून जाब विचारला, माफी मागायला लावली.

मला हे दुसरं पाऊल जास्त मोलाचं वाटतं. "प्यायला होता हो, शुद्धीत कुठे होता?" असं म्हणून आपण विषय मिटवतो. पण तोच माणूस कितीही प्यायला तरी सावकारावर हात टाकत नाही. दारूने हात सैल होतो. तो कुणावर पडायचा, हे आधीच ठरलेलं असतं.

आता क्योल्न. आयफेल भागातल्या शेतकरी घरात १९३१ साली जन्मलेल्या मारिया मीस साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्या क्योल्नमध्ये समाजशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. १९७६ मध्ये त्यांचा शहाद्याच्या चळवळीवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्या आणि त्यांच्या विद्यार्थिनींच्या पुढाकाराने क्योल्नमध्ये मार खाणाऱ्या बायकांसाठी 'फ्राउएनहाउस' उघडलं, जर्मनीतल्या अगदी पहिल्यांपैकी एक. म्हणजे शिकलेल्या, श्रीमंत देशातही ते घर लागलंच की! २०२३ मध्ये मारियाबाई गेल्या.

जर्मनीत १ जानेवारी २००२ पासून हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की नशेत शुद्ध हरपली होती, या कारणाने संरक्षणाचा आदेश अडत नाही. शहाद्याच्या बायकांनी हेच तर ठणकावलं होतं.

महाराष्ट्रातही ती वाट पुढे गेली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. गावातल्या बायकांनी 'उभी बाटली की आडवी बाटली' असं मतदान करून दुकानं बंद पाडली. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी मात्र २०२१ मध्ये उठली. नुसत्या बंदीवर भिस्त ठेवता येत नाही ती यासाठीच.

आणि आपण? इथे गुत्ता नाही, उंची वाइन आहे. शेजारी आवाज ऐकू जात नाही, सासर-माहेर दूर, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. अशा घरातली बाई मंडळाच्या गणपतीला हसून आरती करते आणि आपल्याला कळतही नाही. तिच्यासाठी एक नंबर लिहून ठेवा: ११६ ०१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, नाव सांगावं लागत नाही आणि इंग्रजीतही बोलता येतं.

शहाद्याच्या बायका एकेकट्या गेल्या नव्हत्या, घोळक्याने गेल्या होत्या. आपलं मंडळ असा घोळका होऊ शकेल का?

शुभ दीपावली!