मोटारीचा एसी गार का होत नाही?

देवळाली कॅम्पची हवा कोरडी, आल्हाददायक. म्हणूनच येथे आरोग्यभवने उभी राहिली. मोटारीच्या एसीला मात्र ही हवा फारशी मानवत नाही. थंडीत तो कित्येक आठवडे बंदच असतो. गॅसबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरच्या सीलपर्यंत पोहोचत नाही, सील सुकते आणि गॅस निसटू लागतो. मार्चमध्ये बटण दाबावे, तर गरम वारा! हिवाळ्यातही पंधरवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा तो यासाठीच.

‘गॅस संपला’ हे निदान सर्रास ऐकू येते. वास्तविक गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. तो बराच कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसतो का, हे आधी पाहावे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे दरवर्षी फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

वारा मुळातच मंद असेल, तर केबिन फिल्टर धुळीने तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. नाशिकरोडकडे धावताना गारवा आणि सिग्नलला थांबताच उकाडा, असे होत असल्यास कंडेन्सरचा पंखा तपासावा. एसी लावताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ आवाज आला नाही, तर फ्यूज व रिले पाहावेत (काही नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो). मात्र गॅसचा दाब फार घटला तरीही सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर चालू देत नाही. म्हणून नवा कॉम्प्रेसर घेण्यापूर्वी मेकॅनिककडून गेजवर दाब मोजून घ्यावा.